कंट्रोलची दुसरी गुंडाळी

सय्यद सरांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "मॅडम, हे मराठी तुमचंच ना?"

माझंच होतं. वाळूजच्या त्या कंपनीसाठी मी दोन वर्षांपूर्वी करून दिलेला तपासणीचा तक्ता. वर ठळक अक्षरात 'अंतिम तपासणी व नियंत्रण'. खाली शेजारी शेजारी दोन रकाने, 'पहिली तपासणी' आणि 'दुसरी तपासणी'. काहीतरी चूक सापडली असणार म्हणून मी चष्मा चढवून अक्षर न् अक्षर बघितलं. एक वेलांटीसुद्धा इकडची तिकडं नव्हती. मी तसं म्हणालेही, जरा ताठ्यातच.

"वेलांटीचं सोडा हो," सर म्हणाले. "आकडे बघा."

आकडे बघितले. दोन्ही रकान्यांत अगदी सारखे. दुसरं पान उलटलं, तिसरं उलटलं, तेच. म्हटलं, सारखे आहेत म्हणजे चांगलंच की. सरांनी कपाळाला हात लावला.

आता माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी कारखान्यांचे कागद इंग्रजीतून मराठीत करते. मशीन कसं चालवायचं, काय करायचं नाही, माल कसा तपासायचा, अशा पायरी-पायरीने लिहिलेल्या सूचनांना एसओपी म्हणतात. त्या इंग्रजीत येतात आणि वाचणारे असतात बजाजनगरात खोली करून राहणारे, आसपासच्या खेड्यांतून आलेले लोक. मधला पूल म्हणजे मी. वीस वर्षं झाली. तोंडाने फटकळ आहे, पण काम चोख करते, असं माझ्यामागे बोलतात हे मला माहीत आहे.

सय्यद सर तिथले क्वालिटीचे मॅनेजर. ती कंपनी बुश बनवते. बुश म्हणजे पोलादाची जाड अंगठीच म्हणा. तिच्या भोकात गाडीची एक पिन बसते. भोक किती मोठं हे बोअर गेज नावाच्या काटेवाल्या साधनाने मोजतात, मायक्रॉनमध्ये. मिलिमीटरचे हजार तुकडे केले की त्यातला एक मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज करा. इतक्या बारीक मापात तोच बुश दोन माणसांनी मोजला तर एखाद-दोन मायक्रॉनचा फरक पडायलाच पाहिजे. हात वेगळा, धरण्याची तऱ्हा वेगळी. महिनोन् महिने दोघांचे आकडे हुबेहूब सारखे आले म्हणजे एकानेच मोजलं आणि दुसऱ्याने बघून लिहिलं.

आणि पुण्याच्या कस्टमरकडे बुशात पिन बसेना. भोकं लहान निघाली. त्यांची लाइन थांबली. सोमवारी त्यांचा माणूस येणार होता आणि हा होता गुरुवार.

दुसऱ्या रकान्याखाली सही होती संगीताची. पंचवीस-सव्वीसची, अजिंठ्याकडच्या एका वाडीवरची. आईबाप अजून मेंढरं घेऊन डोंगराडोंगराने फिरतात. घराण्यात कंपनीच्या गेटमधून आत गेलेली ही पहिलीच. तिने आपल्या पोरीला इथल्या शाळेत घातलेलं. कॉन्ट्रॅक्टवर होती आणि कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेरीस संपत होतं. एचआरने परस्पर ठरवून टाकलं होतं की हिने मोजलं नाही असं लिहायचं, कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं नाही, आणि सोमवारी कस्टमरला सांगायचं की कारवाई केली.

"मला ती खोटारडी वाटत नाही," सर म्हणाले. "पण सही तर तिचीच आहे. विचारलं तर गप्प. फक्त एकदा बोलली. मी विचारलं, नियंत्रण म्हणजे काय समजतेस? तर म्हणाली, ते साहेब लोकांचं काम, सर."

ते मला झोंबलं. नियंत्रण हा शब्द माझा होता. मूळ इंग्रजीत 'कंट्रोल' होतं. मी शासकीय कोशातला शब्द उचलला आणि ठेवून दिला. दोन वर्षं ती बाई रोज ज्या कागदावर सही करत होती, त्याच्या मथळ्यात तिला तिचं कामच दिसलं नव्हतं. सरांनी मला बोलावलं होतं ते हा तक्ता सोमवारपर्यंत पुन्हा करून द्या म्हणून. नीट समजेल असा.

घरी येऊन कंट्रोलला मराठी शब्द शोधायला बसले. ताबा, अंकुश, नियमन, हुकमत. एकही तपासणीच्या टेबलावर शोभेना. असं अडलं की माझी एक सवय आहे. शब्द कुठून आला ते बघत मागे जायचं. कपाटावरचा जाडजूड इंग्रजी कोश खाली काढला. तो काढताना दर वेळी कमरेत चमक भरते आणि दर वेळी मी ठरवते की आता हा खालच्या फळीवर ठेवायचा.

कंट्रोल इंग्रजीत आला तो फ्रेंचमधून. जुन्या फ्रेंचमध्ये तो दोन तुकड्यांचा होता, 'कोंत्र' आणि 'रोल'. कोंत्र म्हणजे विरुद्ध, समोरचा. रोल म्हणजे गुंडाळी. हे दोन्ही लॅटिनमधून आलेले. लॅटिनमध्ये 'कोन्त्रा' म्हणजे समोरासमोर आणि 'रोतुलुस' म्हणजे छोटं चाक, त्यावरून गुंडाळलेला कागद. रोतुलुसची आई 'रोता', म्हणजे चाक. आपल्या रथाची ती सख्खी चुलत बहीण. तिथे मी जरा रेंगाळले, कबूल करते. शाळेतला रोल नंबर याच गुंडाळीतला, कारण हजेरी गुंडाळीवर लिहायचे. नटाचा रोलही हाच, त्याची वाक्यं गुंडाळीवर लिहून देत म्हणून. चहा निवून गेला.

पण मुद्द्याचं पुढे होतं. त्या काळी हिशेबाची नोंद बहुतेक गुंडाळीवरच व्हायची. एका माणसाने लिहिलेल्या नोंदीवर भरवसा कसा ठेवायचा? तर दुसऱ्या माणसाने त्याच गोष्टीची नोंद आपल्या वेगळ्या गुंडाळीवर ठेवायची. मग दोन्ही गुंडाळ्या समोरासमोर उलगडायच्या. ती जी समोरची, दुसरी गुंडाळी, ती कोंत्र-रोल. कंट्रोल म्हणजे आधी एवढंच होतं. हुकूम, ताबा वगैरे अर्थ त्याला मागाहून चिकटले.

खात्री करायला मी भास्करला फोन लावला. भास्कर अजिंठ्याच्या लेण्यांत फ्रेंच पर्यटकांचा गाइड आहे. एका पाहुण्याने आग्रहाने बोलावलं म्हणून एकदा फ्रान्सला जाऊनही आला. त्याला विचारलं, तुमच्या फ्रेंचमध्ये कंट्रोल म्हणजे काय रे? तो म्हणाला, तिकडे रेल्वेतल्या तिकीट चेकरला 'कोंत्रोलर' म्हणतात, एकदा मलाच धरलं होतं त्याने. म्हटलं, मग त्याने हुकूम सोडला का? "हुकूम कशाचा ताई, तो नुसता बघायला येतो. आपल्याकडचं तिकीट आणि त्याच्याकडची माहिती जुळते का एवढंच."

मी फोन ठेवला आणि माझा जुना तक्ता पुन्हा बघितला. दोन रकाने, एकाच कागदावर, एकमेकांना खेटून. दुसऱ्याने आकडा लिहायच्या आधीच पहिल्याचा आकडा त्याच्या डोळ्यांपुढे. शब्दाचा जीव ज्या दोन वेगळ्या गुंडाळ्यांत होता, त्याच आम्ही एकत्र शिवून टाकल्या होत्या. त्यात माझाही हात होता, याची मला खरोखर लाज वाटली.

शनिवारी सकाळी मी तपासणीच्या खोलीत जाऊन बसले. जे होताना बघितलं नाही त्याचं भाषांतर करायचं नाही, हा माझा नियम. या तक्त्याच्या वेळी घाईत मोडला होता.

एका टेबलावर दाभाडे काका. पहिली तपासणी त्यांची. कंपनी उभी राहिली तेव्हापासूनचे, निवृत्तीला वर्षभर उरलेलं, सगळे त्यांना मान देतात. संगीताच्या शेजारच्या खोलीत राहतात, तिची नोकरीही त्यांनीच गेटवर शब्द टाकून लावलेली. ते आले, गेज उचललं आणि थेट बुश मोजायला लागले. दुसऱ्या टेबलावर संगीता. तिने आधी डब्यातून एक चकचकीत कडं काढलं, त्यात आपलं गेज घातलं, काटा शून्यावर आणला, मग काम सुरू केलं. मी दोन्ही बघितलं. त्यातला फरक तेव्हा माझ्या डोक्यात शिरला नाही.

चहाच्या सुट्टीत मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती घाबरलेलीच होती. मी कंपनीची कुणीतरी मोठी आहे असं तिला वाटत असावं. मला काही सापडलं की कुणाला सांगितल्याशिवाय ते पोटात ठरत नाही, म्हणून मी तिला गुंडाळ्यांची गोष्ट सांगितली. एकाने लिहायचं, दुसऱ्याने न बघता वेगळं लिहायचं, मग समोरासमोर धरायचं.

ती ऐकता ऐकता पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघायला लागली. म्हणाली, "आमच्यात मेंढरं अशीच मोजतेत, मॅडम."

मग तिने सांगितलं. संध्याकाळी मेंढरं वाघुरीत घेतात. वाघूर म्हणजे जाळीचं कुंपण. तोंडाशी बाप उभा राहतो, पल्याडच्या अंगाला ही. मेंढरं आत शिरताना बाप मनात मोजतो आणि ही दर दहाला एक खडा ओच्यात टाकते. मोजताना कुणी कुणाशी बोलायचं नाही. सगळी आत गेली की बाप आधी हिला विचारतो, किती? हिने सांगितल्यावर मग तो आपला आकडा सांगतो.

"आधी तुला का?" मी विचारलं.

"त्यानं पहिलं सांगितलं तर लेकरू तेच सांगंल म्हून. जुळलं नाय तर समदी भायेर काढायची, पुन्यांदा मोजायची. कुणी कुणाला बोलत नाय."

मी दोन दिवस लॅटिन-फ्रेंचच्या गल्ल्या तुडवून जिथे पोचले होते तिथे ही बाई लहानपणापासून ओच्यात खडे घेऊन उभी होती.

"मग इथं काय झालं तुझ्या खड्यांचं?" मी विचारलं.

ती उठली आणि तिच्या पिशवीतून, जेवणाच्या डब्याच्या खालून, एक वही काढून आणली. पोरीची जुनी शाळेची वही, पुढच्या पानांवर पाढे. मागच्या कोऱ्या पानांवर बारीक अक्षरात तारखा आणि आकडे. रोज तिने स्वतः मोजलेले. तक्त्यावर लिहिलेल्यांपेक्षा वेगळे.

पहिल्याच आठवड्यात तिचा आकडा काकांपेक्षा कमी आला तेव्हा तिने तो तसाच लिहिला होता. काका सगळ्यांदेखत म्हणाले, तुझा हात अजून बसला नाही. सुपरवायझर म्हणाला, काकांचं बघून लिहीत जा. दुसऱ्या वेळी सांगायला गेली तेव्हाही तेच. तेव्हापासून ती मोजायची स्वतः आणि लिहायची काकांचं.

"काकांनी मला गेटमधून आत आणलं," ती म्हणाली. "त्यांच्या शेजारी दुसरा आकडा लिवू व्हय?"

"मग वही कशाला ठेवलीस?"

"सवय. आपली मोज आपल्यापाशी ठेवावं, कुणी इचारलं तर सांगावं, असं बा म्हनतो." वही मिटत म्हणाली, "कुणी इचारलंच नाय."

मी तिला दंडाला धरूनच सय्यद सरांकडे नेलं. सरांनी वही उघडली, दोन पानं वाचली आणि आधी भडकलेच. "और तू चूप बैठी? माल गेला ना पुण्याला!"

"तिथं चुकलं माझं, सर," ती म्हणाली. कारणं सांगितली नाहीत, रडलीही नाही. मला तिचं फार कौतुक वाटलं, आणि भीतीही, कारण एवढं कबूल केल्यावर तिला घरी पाठवायला एचआरला दुसरं काही लागलं नसतं.

पण सर पानं उलटत राहिले. मग त्यांनी तक्ते मागवले आणि वहीशेजारी ठेवले. सुरुवातीला तिच्या आणि काकांच्या आकड्यांत फरक दोनचा. काही आठवड्यांनी तीनचा. मग पाचचा. शेवटच्या पानावर आठचा. "हे बघा मॅडम, हात बसलेला नसता तर फरक कधी इकडे कधी तिकडे पडला असता. हा एकाच बाजूला आहे आणि वाढत चाललाय. हा हाताचा नाही, गेजचा आहे."

आम्ही तिघं तपासणीच्या खोलीत गेलो. सरांनी ते चकचकीत कडं उचललं. त्याला मास्टर रिंग म्हणतात. त्याच्या भोकाचं माप लॅबमध्ये तपासून पक्कं केलेलं असतं. रोज सकाळी गेज त्यात घालून काटा शून्यावर आणायचा असतो. संगीताचं गेज घातलं, काटा शून्यावर. काकांचं घातलं, काटा आठ मायक्रॉन पुढे.

गेजचं टोक झिजलं होतं. झिजलेलं टोक भोक आहे त्यापेक्षा मोठं दाखवतं. म्हणून लहान भोकांचे बुश काकांच्या हातून पास होत गेले. रोज रिंगमध्ये लावलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. काकांनी ते कधीचंच सोडून दिलं होतं. त्यांच्या हाताला माप कळतं असं सगळेच म्हणायचे, तेही म्हणायचे.

काकांनी सरांच्या हातातून गेज घेतलं. स्वतः रिंगमध्ये घालून बघितलं. पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं. मग स्टुलावर बसले. मला वाटलं आता हे संगीतावर ओरडणार, की तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस.

"सय्यद साहेब," ते म्हणाले, "हिचं नाव नका लिहू. माझं लिहा." मग तिच्याकडे न बघताच म्हणाले, "दोनदा सांगितलं होतं तिनं मला."

सरांनी कुणाचंच नाव लिहिलं नाही. कस्टमरला द्यायच्या अहवालात 'कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलं की दुसऱ्या तपासणीची जागा पहिलीच्या शेजारी आहे. एचआरशी त्यावरून त्यांचं चांगलंच वाजलं. केबिनचं दार बंद होतं, तरी आवाज बाहेर येत होता. नाव लिहिलं की माणूस जातो, प्रॉब्लेम तिथेच बसून राहतो, असं ते तीनदा म्हणाले.

सोमवारी पुण्याचा इंजिनियर आला. तरुण, चेहऱ्यावरची माशीही हलू न देणारा. त्याने गेज, रिंग, तक्ते सगळं बघितलं. वही मात्र बराच वेळ बघत राहिला, पाढ्यांची पानंसुद्धा. संगीताला त्याने मोजणीबद्दल विचारलं, तिने मेंढरांचं सांगितलं, आणि त्याने ते लिहून घेतलं. जाताना वहीच्या पानांची झेरॉक्स मागितली. अडकलेला माल बदलून द्यायचा आणि नवी पद्धत महिनाभरात दाखवायची, एवढ्यावर भागलं. संगीताचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं. मला हे फोनवर कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने "शाब्बास" म्हणाले.

नवी एसओपी मी केली. प्रत्येकाची वेगळी चिठ्ठी, रंग वेगळे. आकडा लिहायचा आणि बंद पेटीत टाकायचा. पेटी तिसरा माणूस उघडणार, आणि जो नवखा आहे त्याची चिठ्ठी आधी वाचणार. फरक तीन मायक्रॉनच्या वर गेला तर दोन्ही गेज रिंगमध्ये लावायची आणि माल पुन्हा मोजायचा, 'कुणीही कुणाला न बोलता'. हे शेवटचे शब्द एचआरने खोडले. सरांनी परत घातले.

मथळा राहिला होता. मी संगीताला विचारलं, तू वाघुरीच्या मागच्या बाजूने मोजायचीस त्याला घरी काय म्हणता? ती म्हणाली, काही नाही, पल्याडची मोजणी. मी नियंत्रण खोडलं आणि 'अल्याडची मोजणी' आणि 'पल्याडची मोजणी' असे दोन चिठ्ठ्यांचे दोन मथळे केले. वरच्या ऑफिसातून मेल आला की 'पल्याडची' हा शब्द टेक्निकल वाटत नाही. मी रोतापासून सुरू करून दोन पानी उत्तर पाठवलं. त्यावर कुणाचंही उत्तर आलं नाही. शब्द तसाच राहिला. कोश मात्र अजून वरच्याच फळीवर आहे.

तीन-चार महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी तिकडे गेले होते. तपासणीच्या खोलीत डोकावले. काकांनी गेज रिंगमध्ये लावलं, मोजलं, चिठ्ठी लिहिली आणि सवयीने मान वळवून विचारलं, "संगे, तुझं किती आलं गं?"

तिने काट्यावरची नजर काढली नाही. "आधी तुमचं पेटीत टाका, काका. मग बोलू."

काकांनी निमूटपणे चिठ्ठी टाकली.

दोन माणसांचे आकडे हुबेहूब जुळलेले दिसले की मी हल्ली खूश होत नाही. आधी विचारते, पहिलं कोण बोललं?